बलक टाकायचा की खायचा : एका नागपूरकर कुटुंबाच्या अंड्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तर

मानेवाडा भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेने घरातील सगळ्यांच्या वतीने विचारले आहे की अंडी खावीत की नाही, आणि खावीत तर कोणी किती. यजमान ४९ वर्षांचे आहेत. नुकत्याच झालेल्या तपासणीत त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २२८, एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारे, ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल) १४८ आणि उपाशीपोटीची साखर १०८ आली, आणि तेव्हापासून ते अंड्याचा पिवळा बलक काढून टाकतात. ७४ वर्षांच्या सासूबाई होळीपासून मृग लागेपर्यंत अंड्याला हात लावत नाहीत, कारण अंडे उष्ण. १९ वर्षांचा मुलगा व्यायामशाळेतून आल्यावर पाच कच्ची अंडी दुधात फेटून पितो. १३ वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ९.८ आहे, आणि रक्त वाढावे म्हणून तिला रोज दोन गावरान अंडी द्यावीत असे शेजारणीने सुचवले आहे. स्वतःविषयी मात्र ताईंनी एक ओळही लिहिलेली नाही. त्याकडे मी शेवटी येईन.

ताई, मी नागपुरात २६ वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि या काळात अंड्याविषयीचा माझाच सल्ला एकदा पूर्ण बदलला आहे, हे आधीच सांगितलेले बरे. सुरुवातीच्या वर्षांत मी हृदयरोग्यांच्या आहारतक्त्यावर ‘अंडे : फक्त पांढरे’ असे लिहीत असे, आणि त्याच तक्त्यावर सकाळच्या चहासोबत दोन खाऱ्या मात्र बिनदिक्कत राहू देत असे. आज ते तक्ते आठवले की ओशाळल्यासारखे होते. बलकाविषयी मी फाजील काळजी घेतली आणि खारीतल्या वनस्पती तुपाकडे पाहिलेच नाही. अंड्याचा गुण किंवा दोष जितका अंड्यात असतो, तितकाच ते ताटात कशाच्या जागी आले आणि कशाच्या सोबतीने आले यात असतो. तुमच्या घरातील प्रत्येकाचे उत्तर त्यामुळेच वेगळे आहे.

प्रथम अंड्यात काय असते ते पाहू. कवच वजा जाता ५० ग्रॅम भरणाऱ्या एका अंड्यात सुमारे ७२ उष्मांक, ६ ग्रॅमपेक्षा थोडी अधिक प्रथिने आणि ५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतात. त्या स्निग्धांशापैकी दीड ग्रॅम संपृक्त, म्हणजे तूप-लोण्याच्या जातीचा असतो. आपल्याकडे मिळणारी बरीच अंडी याहून थोडी लहान असतात, तेव्हा हे आकडे किंचित कमी धरावेत. पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि जवळजवळ बाकी सगळे पाणीच असते. उरलेली पावणेतीन ग्रॅम प्रथिने, सगळे स्निग्धांश, अ, ड आणि ई जीवनसत्त्वे, बहुतांश ब-१२ आणि जवळजवळ सगळे कोलीन बलकात असते. हे कोलीन आपल्याकडे फारसे कोणाच्या परिचयाचे नाही. पेशींची आवरणे तयार करायला, यकृतातून चरबी बाहेर वाहून न्यायला आणि गर्भातील बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागते. गरोदर स्त्रीला दिवसाला सुमारे ४५० मिलिग्रॅम कोलीन पुरेसे मानले जाते आणि एका अंड्यातून त्यापैकी जवळपास १५० मिलिग्रॅम मिळते. एवढ्या सहजपणे ते देणारे पदार्थ आपल्या रोजच्या स्वयंपाकात थोडेच आहेत. बलकाचा पिवळेपणा ज्या रंगद्रव्यांमुळे येतो त्यांतील ल्युटीन आणि झिॲक्सॅन्थिन ही दोन द्रव्ये डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी साठतात. ती पालेभाज्यांत अंड्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, पण बलकातील स्निग्धांशाच्या सोबतीने ती अंगी अधिक चांगली लागतात. अंड्यात जे नसते तेही लक्षात ठेवावे : तंतू अजिबात नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही. अंड्याला पूर्णान्न म्हणण्याची पद्धत आहे, पण ज्यात तंतूच नाहीत ते पूर्णान्न कसे, असे मला नेहमी वाटते.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र अंड्याचा मान खरोखर वरचा आहे, आणि तो समजून घ्यायला आपले नेहमीचे ताट समोर घ्यावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४ ग्रॅम. आता सकाळी कोरडे ६० ग्रॅम पोहे भिजवून फोडणीला टाकले, तर त्यांतून जेमतेम ४ ग्रॅम प्रथिने मिळतात. वर चण्याची तर्री घेतली तर थोडी भर पडते, पण तर्रीत चण्यापेक्षा रस्सा आणि तवंगच अधिक असतो हे आपण सगळे जाणतो. दुपारच्या जेवणात ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून ५ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणातून ६ ग्रॅमच्या आसपास येतात. असे करत दिवसअखेर आपली अनेक घरे चाळिशीतच अडकतात. शिवाय धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांपैकी एक) कमी पडते आणि डाळींत मेथिओनिन. वरणभात एकत्र खाण्याची आपली जुनी रीत ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. अंड्यात मात्र शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सर्व अमिनो आम्ले योग्य प्रमाणात एकत्र असतात, आणि शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने नव्वद टक्क्यांहून अधिक पचतात. म्हणून न्याहारीत पोहे निम्मे करून त्यासोबत दोन उकडलेली अंडी घेतली, तर उष्मांक फारसे न वाढता प्रथिने सुमारे साडेतीनपट होतात, दुपारपर्यंत भूक शांत राहते आणि अकरा वाजता समोशाकडे पाय वळत नाहीत. पोह्यांची पूर्ण बशी संपवून वर दोन अंडी खाल्ली, तर हा लाभ निम्म्याहून अधिक वाया जातो.

आता यजमानांकडे येते, कारण मूळ भीती तिथली आहे. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह या शास्त्रज्ञाने सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले. प्रयोग खरा होता आणि महत्त्वाचाही होता, परंतु ससा शाकाहारी प्राणी आहे. त्याच्या आहारात निसर्गतः कोलेस्टेरॉल नसतेच, त्यामुळे ते पेलण्याची माणसासारखी यंत्रणाही त्याच्यात नसते. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत, असा सल्ला दिला. एका बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असल्याने हिशेब सरळ वाटत होता, आणि तोच हिशेब आमच्या पाठ्यपुस्तकांतून आमच्या तक्त्यांवर उतरला.

तथापि, शरीर एवढा सरळ हिशेब ठेवत नाही. रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग आपले यकृत आणि इतर पेशी स्वतः तयार करतात. आहारातून जास्त आले की बहुतेक माणसांत आतले उत्पादन कमी होते. ढोबळमानाने तिघांपैकी दोघांच्या एलडीएलवर अंड्यांचा फार थोडा परिणाम दिसतो, तर उरलेल्या एकाचे एलडीएल खरोखर वर जाते, आणि तो एक कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. एलडीएल ढकलण्याची ताकद आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशात आणि वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटमध्ये पुष्कळ जास्त असते. म्हणूनच २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळण्यात आली. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण एकच तेल दिवसभर तापवत ठेवणाऱ्या कढईला तो नियम लागू करायला कोणी उभे नसते.

म्हणून अंड्याला पूर्ण निर्दोष ठरवून मोकळे व्हावे, असेही मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाला एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही, मात्र मधुमेह असलेल्यांच्या गटात तो वाढलेला दिसला. २०१९ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकातील अमेरिकी अभ्यासात दिवसाला सरासरी अर्धे अंडे वाढले की धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो, असा संबंध आढळला. पुढच्याच वर्षी ‘बीएमजे’मधील मोठ्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत असा संबंध आढळला नाही, आणि आशियाई लोकसंख्येत तर धोका किंचित कमीच दिसला. एवढी तफावत का यावी? हे सगळे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. लोक काय खातात ते विचारायचे आणि पुढे त्यांचे काय होते ते पाहायचे, एवढेच त्यांत घडते. अमेरिकेतील अंडे बहुधा लोणी आणि डुकराच्या खारवलेल्या मांसासोबत ताटात येते, तर पूर्व आशियात ते भाताबरोबर, भाज्यांबरोबर, सूपमध्ये येते. दोन्हीकडे अंडे एकच असले तरी शेजार वेगळा आहे.

आपल्या नागपुरात हा शेजार कोणता? अंडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सावजीची अंडा करी येते. ती मलाही मनापासून आवडते, त्यामुळे तिच्याविषयी बोलताना मी थोडी हळवी होते. पण हिशेब करून पाहा. दोन अंड्यांचे उष्मांक १४५. वर तरंगणारे तेल एका माणसाच्या वाट्याला दोन मोठे चमचे जरी धरले, तरी त्याचे उष्मांक २४०, आणि हा मी अगदी उदार मनाने धरलेला कमी अंदाज आहे. पूर्वी हा स्वयंपाक जवसाच्या तेलात होत असे. आता बहुतेक ठिकाणी जे स्वस्त पडेल ते तेल वापरले जाते. रस्त्यावरच्या गाडीवरील भुर्जीत लोण्याच्या नावाखाली काय पडते हे विचारण्याची सोय नसते, आणि सोबत बटरमध्ये भाजलेले मैद्याचे पाव असतात. असे जेवण आठवड्यातून तीनदा झाल्यावर एलडीएल वाढले, तर दोष एकट्या बलकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. एका अंड्यातील दीड ग्रॅम संपृक्त स्निग्धांशाच्या तुलनेत चहाच्या चमचाभर तुपात सुमारे ३ ग्रॅम असतो. यजमान बलक टाकतात आणि गरम वरणभातावर दोन चमचे तूप घेतात, असे तर होत नाही ना, हे एकदा पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या दहा पुरुषांपैकी निदान चार जण नेमके हेच करत असतात.

यजमानांसाठी माझा सल्ला असा आहे. त्यांची साखर १०८ आहे, म्हणजे मधुमेह नाही, पण त्या दिशेचा उंबरठा आहे, आणि एलडीएलही जास्त आहे. त्यामुळे मी त्यांना आठवड्याला चार ते पाच अख्खी अंडी सुचवेन, एका दिवशी एकच. त्यांना अधिक प्रथिने हवी असतील तर त्या एका अख्ख्या अंड्यात आणखी एका अंड्याचा पांढरा भाग मिसळून आमलेट करावे, भरपूर कांदा, टोमॅटो आणि सांबार घालावा (इथे सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हे नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी), आणि निर्लेप तव्यावर चहाचा एक चमचा तेल पुरवावे. खारी, क्रीमरोल, शेव आणि बाहेरचे तळण बंद करावे, तूप दिवसाला एका चमच्यावर आणावे. आठ ते बारा आठवड्यांनी रक्तातील चरबीची तपासणी पुन्हा करावी. एलडीएल उतरले असेल तर अंडी चालू ठेवावीत. बाकी सगळे नीट पाळूनही ते हटले नसेल किंवा वाढले असेल, तर ते त्या तिसऱ्या माणसांपैकी असू शकतात, आणि मग आठवड्याला दोन बलकांवर थांबणे शहाणपणाचे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली असेल, तर अंडी सोडली म्हणून ती गोळी टाळता येत नाही. घराण्यात कोणाला चाळिशीच्या आतबाहेर हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीत हे सगळे हिशेब बदलतात.

मुलाविषयी थोडक्यात, पण ठामपणे सांगते : कच्ची अंडी आजच बंद करावीत. आखाड्यातल्या जुन्या पैलवानांपासून चालत आलेली ही समजूत आहे की कच्च्या अंड्यात ताकद जास्त. १९९८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी याचे मोजमापच केले. शस्त्रक्रियेमुळे ज्यांच्या लहान आतड्याचे तोंड पोटावर उघडलेले होते अशा रुग्णांमध्ये त्यांना आढळले की शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने शोषली जातात आणि कच्च्या अंड्यातील फक्त ५१ टक्के. म्हणजे पाच कच्ची अंडी पिऊन तुमचा मुलगा जेमतेम पावणेतीन अंड्यांची प्रथिने अंगी लावून घेतो आणि उरलेल्यांचे पैसे वाया घालवतो. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागात ॲव्हिडीन नावाचे प्रथिन असते, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट पकडून ठेवते आणि शिजवल्यावरच निष्प्रभ होते. तिसरा धोका सॅल्मोनेला या जिवाणूंचा, ज्यांच्यामुळे ताप, उलट्या आणि जुलाब होतात. आपल्या उन्हात दुकानासमोर तासन्‌तास ठेवलेल्या ट्रेमधील अंड्यांच्या बाबतीत तो धोका क्षुल्लक म्हणता येणार नाही. त्याने तीन अख्खी अंडी उकडून खावीत आणि उरलेली प्रथिने दूध, दही, डाळी, सोयाबीन वड्या यांतून घ्यावीत. ६८ किलोच्या, नियमित वजने उचलणाऱ्या तरुणाला दिवसाला साधारण १०५ ते ११० ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि ती सगळी अंड्यांतून काढण्याची गरज नाही. व्यायामशाळेत मित्रांचे पाहून पुढे तो बलक फेकू लागला, तर त्याला सांगावे की २०१७ मध्ये अमेरिकेत तरुणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, प्रथिनांचे प्रमाण सारखे ठेवूनही, नुसत्या पांढऱ्यापेक्षा अख्ख्या अंड्याने व्यायामानंतर स्नायूंची बांधणी अधिक झाली होती.

मुलीच्या बाबतीत मला शेजारणीच्या सल्ल्याशी असहमत व्हावे लागते, जरी त्यांचा हेतू चांगला असला तरी. एका अंड्यात लोह १ मिलिग्रॅमलाही थोडे कमी असते, आणि बलकातील फॉस्विटिन नावाचे प्रथिन त्या लोहाला इतके धरून ठेवते की त्यातील फारच थोडे शोषले जाते. तेव्हा अंड्याने हिमोग्लोबिन ९.८ वरून १२ वर जाईल, ही आशा धरू नये. या वयात १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि ९.८ हा मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय आहे. त्याला तपासणी आणि बहुधा औषधी लोह लागते. इथे विदर्भातील माणूस म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते : लोहाच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी तिची सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी झाली आहे का, ते पाहा. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारांत रक्त कमी असण्याचे कारण लोहाची कमतरता नसतेही, आणि अशा वेळी मनाने दिलेले लोह शरीरात साचून अपाय करू शकते. जुलै २०२३ मध्ये आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या सिकलसेल तपासणीसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तुमच्या मुलीच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात विचारणा करावी. पोटातील जंत आणि पाळीतील अतिस्राव यांचीही विचारपूस व्हावी.

तरीही तिला रोज एक अंडे मी अवश्य द्यायला सांगेन, पण वेगळ्या कारणासाठी. वाढीच्या वयात तिला चांगली प्रथिने हवीत, अ जीवनसत्त्व, फोलेट आणि ब-१२ हवे. लोहासाठी हरभरा, मटकी, तीळ, अळीव, चवळीची पाने, आणि घरात चालत असेल तर मटण व कलेजी हे मार्ग आहेत. त्यांच्यासोबत लिंबू किंवा संत्र घेतले की वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढते, आणि नागपुरात संत्र्यासाठी कोणाला दूर जावे लागत नाही. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो. आदिवासी भागांत राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेतून २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार व अंडी, आणि पुढच्या वर्षापासून लहान मुलांनाही अंडी देण्यात येऊ लागली. कमी खर्चात मुलांच्या ताटात उत्तम प्रथिने पोहोचवण्याचा याहून सोपा उपाय मला तरी दिसलेला नाही.

सासूबाईंचे ‘अंडे उष्ण’ हे मत मी हसण्यावारी नेत नाही. प्रथिने पचवायला शरीराला अन्य घटकांपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि ती उष्णतेच्या रूपात बाहेर पडते, हे खरे आहे. पण एका अंड्याच्या बाबतीत ती पाच-सात उष्मांकांपलीकडे जात नाही, म्हणजे दोन-तीन जिने चढण्याइतकीच. अंडा करी खाल्ल्यावर अंगाची जी लाही होते ती लवंग, मिरे आणि लाल तिखटाची असते. माझा आपला तर्क असा की, फ्रिज नसलेल्या काळात वैशाखाच्या उन्हात अंडी लवकर बिघडत, ती खाऊन पोट बिघडे, आणि त्या अनुभवातून हा नियम रूढ झाला असावा. आज ७४ व्या वर्षी होळी ते मृग असे तीन महिने प्रथिनांचा एक उत्तम मार्ग बंद करणे त्यांच्या हिताचे नाही. या वयात स्नायू आपसूक झडत असतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागतो, आणि दात नसल्यामुळे चावून खाण्याचे पदार्थही कमी होतात. अंडे मऊ असते, पटकन शिजते, थोडक्यात पुष्कळ देते. त्यांना उन्हाळ्यात एक अंडे सकाळी, बिनमसाल्याचे, चांगले उकडून आणि कुस्करून मऊ भातात किंवा दहीभातासोबत द्यावे, दिवसभर पाणी आणि ताक भरपूर द्यावे. श्रावणात त्या अंडी सोडत असतील तर तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. त्या महिन्यात दूध, पनीर, मूग वाढवावेत, वाद घालू नये. त्यांना मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे, कारण त्या आजाराच्या मधल्या टप्प्यात प्रथिने कमी करावी लागतात, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवावी लागतात. तेव्हा बलकातील फॉस्फरस टाळण्यासाठी पांढरा भाग निवडला जातो. बलक टाकण्याचे खरे वैद्यकीय कारण मला तरी प्रामुख्याने तिथेच दिसते.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर साठवणीविषयी. पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसांत ३० अंड्यांचा ट्रे स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. अंडी सावलीत ठेवणाऱ्या दुकानातून आठवड्यापुरतीच घ्यावीत आणि घरी येताच फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवावीत. दाराच्या कप्प्यात तापमान सतत वरखाली होते. ठेवण्यापूर्वी धुऊ नयेत, कारण कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवरचे नैसर्गिक आवरण धुण्याने निघून जाते. धुवायचेच तर शिजवण्याच्या क्षणी धुवावे. पाण्यात टाकल्यावर अंडे तरंगले तर आतली हवेची पोकळी वाढलेली असते, म्हणजे अंडे जुने झालेले असते. परंतु बुडणारे अंडे जंतुविरहित असते असे मात्र नाही. उकडलेले अंडे कवचासह फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, पण मुलीच्या डब्यात मे महिन्यात ते देऊ नये. एवढ्या उष्णतेत शिजवलेले अंडे तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहणे सुरक्षित नाही. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा ते बारा मिनिटे पुरेत. जास्त वेळ ठेवल्यास बलकाभोवती हिरवट कडे येते, ते लोह आणि गंधकाच्या संयोगाने होते, दिसायला वाईट, खायला निरुपद्रवी.

गावरान अंड्यांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो आणि बलकाचा गडदपणा तिच्या खाद्यावरून. प्रथिनांत सांगण्याजोगा फरक नसतो, उलट गावरान अंडे आकाराने लहान असल्याने एका अंड्यामागे मिळते थोडे कमीच. चव आवडत असेल आणि दुप्पट पैसे परवडत असतील तर खुशाल घ्यावे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : कोंबड्यासोबत वाढलेल्या कोंबडीचे अंडे फलित असू शकते, आणि आपल्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानालाच त्यात गर्भाची वाढ सुरू होऊन रक्ताच्या रेषा दिसू लागतात. फार्मची अंडी अफलित असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

बर्ड फ्लूविषयीही तुम्ही जाता जाता विचारले आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या त्या विषाणूने दगावले, तेव्हा शहरात अंड्यांविषयी भीती पसरणे स्वाभाविक होते. हा विषाणू ७० अंश सेल्सिअसला नष्ट होतो. बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवलेले अंडे त्या काळातही सुरक्षित होते. हाफ-फ्राय आणि कच्चे अंडे मात्र टाळायलाच हवे होते, आणि साथ नसतानाही लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी ते टाळावे.

आता तुमच्याविषयी. तुम्ही कोणाला काय द्यायचे ते इतके तपशीलवार विचारले आहे की तुमचे वय मला अंदाजानेच धरावे लागते. चाळिशीच्या मध्यावर असाल असे समजते. पाळी जाण्याच्या आसपास स्त्रीचे स्नायू आणि हाडांची घनता दोन्ही झपाट्याने उतरू लागतात. सकाळी सातच्या शाळेसाठी निघणाऱ्या स्त्रिया बहुधा चहा-बिस्किटावर साडेअकरा वाजवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यामुळे सर्वांत आधी अंडे सुरू करावे ते तुम्ही. आदल्या रात्री तीन अंडी उकडून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि सकाळी निघण्यापूर्वी त्यांतील दोन, एक संत्र किंवा पेरू आणि मूठभर भिजवलेल्या शेंगदाण्यांसह खावीत. तिसरे मुलीला. ड जीवनसत्त्वासाठी मात्र अंड्यावर विसंबू नये, कारण एका अंड्यातून त्याच्या दैनंदिन गरजेचा जेमतेम पंधरावा भाग मिळतो. यजमानांच्या पुढच्या तपासणीच्या वेळी तुमचेही ड, ब-१२, हिमोग्लोबिन आणि चरबीचे प्रमाण मोजून घ्यावे, आणि दोघांचे अहवाल एकत्रच डॉक्टरांना दाखवावेत.